बंब आल्यावर जवान आधी दार का ओढून घेतात?

बेळगावातल्या शहापुरात आजीच्या घराच्या माडीवर आग लागली तेव्हा मी सहावीत होते. माडी म्हणजे एक लांबट खोली. खाली फळ्यांची तक्तपोशी, वर मंगळुरी कौलं, एका कोपऱ्यात गाद्यांची चवड आणि दुसऱ्या कोपऱ्यात मागासाठी आणलेल्या सुताचे गठ्ठे. कशाने पेटलं ते शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. घरातली सगळी माणसं अंगणात उतरली होती आणि कौलांच्या फटींतून काळपट धूर निघत होता. गल्लीतली पोरं ओरडत होती, "खिडक्या फोडा की रे, धूर कोंडूलालाय!" दोघांनी बांबूने काचा फोडल्या. एक जण जिना चढून गेला आणि माडीचं दार सताड उघडून परत पळत आला. बघता बघता, जिथे नुसता धूर होता तिथे आढ्यापर्यंत जाळ दिसायला लागला.

बंब आला तो गल्लीच्या तोंडाशीच थांबला. चार-पाच जण उतरले. त्यांतला एक घराभोवती फिरून आला. दुसरा जिना चढला, आणि त्याने सगळ्यांत आधी आम्ही उघडलेलं दार ओढून घेतलं. "बाग्ला हाक्री, बाग्ला!" म्हणजे दार लावा, दार. हा त्याचा आवाज अजून कानात आहे. पाण्याचा अजून पत्ता नव्हता. मामा चिडून म्हणाला, "घर जळूलालंय आणि ही माणसं दारं लावत बसलीत." मलाही तसंच वाटलं. पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट 'ते किती संथ होते' म्हणूनच सांगत राहिले.

पुढे मी या विषयावर वाचत गेले, या कामातल्या माणसांशी बोलले, आणि कळलं की त्या दुपारी उरलेलं घर वाचलं ते बरंचसं त्या दारामुळे. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी खोलीत आग वाढते कशी ते पाहायला हवं.

धूर म्हणजे न जळलेलं इंधन

लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण ज्वाला लाकडाची नसते. लाकूड, कापूस, फोम, प्लॅस्टिक तापलं की त्यातून वायू निघतात आणि पेटतात ते हे वायू. घरी करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. मेणबत्ती फुंकर मारून विझवा आणि वातीतून वर चढणाऱ्या पांढऱ्या रेघेला लगेच पेटती काडी दाखवा. काडी वातीला टेकायच्या आधीच ज्योत त्या धुरावरून खाली उतरते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. धूर हेच इंधन असतं.

खोलीत हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. गादी पेटते, गरम धूर वर जाऊन छताला लागतो, भिंतींनी अडतो आणि छताखाली थराथराने साचत खाली येऊ लागतो. या थराचं तापमान वाढत जातं तशी त्याची धग खालच्या प्रत्येक वस्तूवर पडते: खुर्ची, पडदा, कपड्यांचं कपाट, जमिनीवरची चटई. अजून त्यांना ज्वाला लागलेली नसते, पण त्याही वायू सोडू लागतात. छताजवळ साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास एक क्षण असा येतो की खोलीतलं जवळजवळ सगळं एकदम पेट घेतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्या क्षणापर्यंत 'खोलीत आग' असते, त्यानंतर 'खोलीची आग' होते. त्या खोलीत असलेल्या माणसाच्या जगण्याची आशा तिथे संपते, मग त्याने जवानांचे जाड कपडे घातलेले का असेनात.

हा क्षण किती वेळात येतो? आजीच्या काळची खोली आठवून पाहा. कापसाच्या गाद्या, घोंगडी, सागवानी पेटी, पितळी भांडी. आजची खोली: फोमचा सोफा, पॉलिस्टरचे पडदे, प्लायवूडची कपाटं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने जुन्या आणि नव्या धर्तीच्या सामानाने सजवलेल्या दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या. जुन्या सामानाच्या खोलीला फ्लॅशओव्हरपर्यंत पोचायला जवळजवळ अर्धा तास लागला, नव्याला चार मिनिटंही लागली नाहीत. बेळगावात कोणताही बंब कोणत्याही गल्लीत चार मिनिटांत पोचून पाणी सुरू करू शकत नाही. त्यामुळे आता जवान पोचतात तेव्हा बहुतेक वेळा एक खोली गेलेलीच असते, आणि त्यांचं डोकं चालतं ते पुढची खोली वाचवण्यासाठी.

आता दाराकडे वळू. बंद खोलीत आग स्वतःच आपली हवा खाऊन टाकते. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १५-१६ टक्क्यांच्या खाली आला की ज्वाला मंदावतात. खोली शांत वाटते, पण ती तापलेली असते आणि इंधनाच्या धुराने गच्च भरलेली असते. तिला फक्त हवा हवी असते. खिडकी फोडली आणि दार उघडलं की ती हवा आपण आपल्या हाताने देतो. आमच्या माडीवर नेमकं तेच झालं. धूर 'मोकळा' झाला नाही, तो पेटला.

खोली फार वेळ कोंडलेली असेल तर हवा शिरताच धूर स्फोटासारखा पेटतो, दारातून ज्वालांचा लोळ बाहेर येतो. याला बॅकड्राफ्ट म्हणतात. अनुभवी जवान त्याची चिन्हं लांबून ओळखतात: ज्वाला दिसत नाहीत, पण खिडकीच्या काचा आतून काळ्या-तेलकट झाल्यात, दाराच्या फटीतून पिवळट-तपकिरी धूर श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होतोय. असं घर दिसलं की त्याचं दार उघडण्यापेक्षा अवघड काम या धंद्यात नाही.

फोनवर काय सांगायचं

१०१ किंवा ११२. आपल्याकडे फोन उचलणारा बहुधा कन्नड बोलेल. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून कन्नड निघत नाही, हे मला माहीत आहे, आणि निघायला हवं असंही नाही. मराठी, हिंदी, तोडकंमोडकं, काहीही चालेल. फक्त पत्ता पक्का हवा. 'कंग्राळी' एवढंच सांगितलं तर बुद्रुक की खुर्द? 'मारुती गल्ली' म्हटलं तर बेळगावातली, की आसपासच्या गावांतली? मारुती गल्ली आणि लक्ष्मी गल्ली नसलेलं गाव या भागात शोधावं लागेल. गाव, तालुका, आणि मोठी खूण, म्हणजे देऊळ, शाळा, बसस्टॉप, या क्रमाने सांगा. शिनोळीच्या अलीकडच्या आणि निपाणीच्या पलीकडच्या गावांत मोबाईल कधी या राज्याचा टॉवर पकडतो, कधी त्या. तिथल्यांनी आधी राज्य आणि जिल्हाही सांगावा.

त्यानंतर एकच गोष्ट सगळ्यांत मोलाची: आत कोणी आहे का, आणि असेल तर कुठे झोपलंय. मग घर कसलं आहे ते. कौलारू, स्लॅबचं, खाली माग असलेलं, वर गवत भरलेलं. वडगाव-खासबागेकडे खाली पॉवरलूम आणि वर बिऱ्हाड अशी घरं आहेत. तिथलं कृत्रिम सूत वितळून पेटत्या थेंबांनी खाली पडतं, म्हणजे आग वरून खालीही उतरते. निपाणीच्या बाजूला घराला लागून तंबाखू साठवलेला असतो, तो आत धुमसत राहतो आणि वरून विझल्यासारखा दिसतो. हे बंब निघतानाच कळलं तर निघणारा अधिकारी दुसरी गाडी आणि पाण्याचा टँकर तेव्हाच मागवू शकतो. पोचून बघून मग मागवायचं म्हटलं तर तो वेळ घराच्या हिशेबातून जातो.

रस्ताही सांगा. नेहमीच्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी असतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन साडेचार टन. अशी गाडी गावाच्या कमानीखालून जाईल का, गणपतीचा मांडव रस्त्यात आहे का, हे गावातल्याला एका क्षणात आठवतं, चालकाला मात्र तिथे पोचल्यावरच दिसतं. एक माणूस दुचाकीवर मुख्य रस्त्यापर्यंत पाठवा. बाकीच्यांनी गल्लीतल्या गाड्या हलवाव्यात. जळत्या घरासमोर उभं राहण्यापेक्षा हे काम खूप मोठं आहे.

ती दोन मिनिटं

गाडी थांबते आणि लोकांचा संयम सुटतो, कारण जवान पळत नाहीत. अधिकारी घराभोवती फिरतो. चारही बाजू बघितल्याशिवाय आग कुठे आहे ते कळत नाही. पुढच्या खिडकीतून निघणारा धूर मागच्या स्वयंपाकघरातला असू शकतो. तो धुराचा रंग पाहतो, त्याहून जास्त त्याचा जोर पाहतो. हळूहळू तरंगत निघणारा धूर म्हणजे आग लांब आहे किंवा लहान आहे. दाबाखाली उसळून, वळसे घेत निघणारा काळा धूर म्हणजे आतली खोली पेटण्याच्या काठावर आहे. याच वेळी बाकीचे ६३ मिलिमीटरचे होज, म्हणजे पाण्याचे जाड पाइप, पसरतात, चालक पंप चालू करतो, कोणीतरी हेस्कॉमला, म्हणजे इथल्या वीज कंपनीला, वीज तोडायला सांगतो. घराचं मेन स्विच पाडलं तरी खांबावरून येणारी तार जिवंत असते. आणि हल्ली छतावर सोलर असेल तर दिवसा त्या पत्र्यांमध्ये वीज तयार होतच असते, तिला बंद करायला हेस्कॉमही पुरत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी आणि चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर यांचीही माहिती तेव्हाच द्या.

याच वेळात तो प्रश्न येतो. "ओळग यार अदार्री?" आत कोण आहे? याचं उत्तर एकानेच द्यावं, घरातल्या शहाण्या माणसाने. दहा जण दहा आकडे सांगतात तेव्हा जवान रिकाम्या खोलीत जीव धोक्यात घालतो. "आजी मागच्या खोलीत, डाव्या हाताला, खाटेवर, चालता येत नाही" एवढं वाक्य मिळालं तर शोधाची दहा मिनिटं वाचतात. आणि सगळे बाहेर आले असतील तर तेही मोजून, खात्रीने सांगा. आत कोणी नाही हे कळलं की अधिकारी वेगळा निर्णय घेतो. मग तो आपल्या माणसांना पडत्या छपराखाली पाठवत नाही.

आत जाणारे दोघे

आत जाताना कोणी एकटा जात नाही. दोघे जातात आणि एकमेकांना सोडत नाहीत. पाठीवर बीए सेट असतो, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठीचं सिलिंडर आणि मुखवटा. त्यात ऑक्सिजन असतो असं आपल्याला वाटतं, पण असते ती दाबून भरलेली साधी हवा. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने भरली तर ती साधारण १,८०० लिटर होते. अंगावर जड कपडे, हातात पाण्याने भरलेला होज, रांगत चालणं. अशा कष्टात माणूस मिनिटाला ४० लिटर किंवा त्याहून जास्त हवा घेतो. कागदावर हा हिशेब पाऊण तासाचा होतो. प्रत्यक्षात परत येण्यापुरती हवा राखावी लागते, त्यामुळे हातात अर्धा तास किंवा त्याहूनही कमी उरतो. हवा संपत आली की सेटची शिटी वाजायला लागते, आणि ती वाजली की समोर कोणी सापडण्याच्या बेतात असलं तरी निघावं लागतं. बाहेर एक जण कोण किती वाजता आत गेला ते लिहून बसलेला असतो. त्याच्याशी बोलायला जाऊ नका.

दार उघडायच्या आधी उघड्या हाताने नव्हे, हातमोज्याच्या पाठीने ते खालून वर चाचपतात. मग फटीएवढं उघडून छताच्या दिशेने पाण्याचा छोटा फवारा मारतात आणि पुन्हा लावून घेतात. थांबतात. पुन्हा उघडतात. बाहेरून बघणाऱ्याला हा खेळ वाटतो, पण ते छताखालचा धूर थंड करत करत पुढे सरकत असतात. धूर थंड झाला की तो पेटत नाही.

आत दिसत काहीच नाही. दिवसाढवळ्यासुद्धा हाताचा पंजा डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. म्हणून ते एक भिंत धरतात, उजवी किंवा डावी, आणि हात तिच्यावरून न काढता खोलीभर फिरतात. परत येताना तीच भिंत उलटी धरायची. पुढचा पाय टेकवण्याआधी तो घासत पुढे नेतात, कारण तक्तपोशी जळून भोक पडलेलं असू शकतं. मधूनच दोघेही थांबून कान देतात. खोकला, कण्हणं, काहीही. लहान मुलं आगीपासून पळत नाहीत, लपतात: खाटेखाली, कपाटात, कपड्यांच्या ढिगात. मोठी माणसं बहुतेकदा दारापासून हाताच्या अंतरावर सापडतात. या कामातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला हे सांगितलं तेव्हा तो बोलता बोलता थांबला आणि पुढे काही बोलला नाही.

माणसं ज्वाळांपेक्षा धुराने जास्त जातात. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. फोम आणि नायलॉन जळलं की त्यात हायड्रोजन सायनाइडही मिसळतं. गाढ झोपलेल्याला वासाने जाग येईल ही आपली आशा खोटी आहे. म्हणून झोपताना खोलीचं दार लावून झोपावं, असं मी हल्ली घरोघरी सांगते. लावलेलं साधं लाकडी दारही धूर कित्येक मिनिटं अडवून धरतं. आणि अडकलात तर तेच दार लावा, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीशी जाऊन हाका मारा. खोलीत धूर आलाच तर जमिनीजवळ राहा. उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवरची हवा फुप्फुसं भाजते तेव्हाही जमिनीजवळ श्वास घेण्याजोगी हवा असू शकते.

पाण्याचा हिशेब

मोठ्या होजच्या ब्रँचमधून, म्हणजे टोकाच्या तोटीतून, मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर पाणी सहज जातं. ४,५०० लिटरची टाकी म्हणजे दहा मिनिटं. म्हणून लोक ओरडतात तसा 'सगळीकडे पाणी मारा' हा प्रकार ते करत नाहीत. आतल्या कामासाठी बऱ्याचदा होजरील, म्हणजे बंबावरच्या चाकाला गुंडाळलेली बारीक नळी, वापरतात, ती टाकी कितीतरी जास्त वेळ पुरवते.

पाणी आग विझवतं कसं, तेही बघण्यासारखं आहे. चुलीवर आधण ठेवा. गार पाणी उकळीला यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता ते सगळं पाणी वाफ होऊन उडून जायला लागते. म्हणजे आगीतून खरी उष्णता ओढून घेतं ते वाफ होणारं पाणी. जमिनीवरून वाहत गटारात गेलेलं पाणी जवळजवळ वाया गेलेलं असतं. बारीक थेंबांची वाफ पटकन होते म्हणून फवारा. पण पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा व्यापते. बंद खोलीत बेहिशेबी पाणी मारलं तर ती वाफ जवानांनाच आणि आत अडकलेल्यालाच भाजते. म्हणून आत कोणी असताना बाहेरच्यांनी खिडकीतून बादल्या आणि मोटारीचं पाणी मारू नये, त्यांना विचारून मारावं.

टाकी संपली की पुढे काय? बेळगाव-शहापुरात जुन्या विहिरी पुष्कळ. लोक बोट दाखवतात, "ती बघा विहीर, लावा पाइप." इथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो. पंप पाणी ओढत नाही. तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रकाठी हा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर चढवू शकतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर, इथे हवा विरळ, त्यामुळे आकडा साडेनऊ मीटरच्या आत येतो. घर्षण आणि गळती धरून हाताशी राहतात सात मीटर, म्हणजे तेवीस फुटांच्या आसपास. पावसाळ्यात विहीर काठोकाठ असते तेव्हा प्रश्न नाही. एप्रिलमध्ये, आगी जास्त लागतात त्याच दिवसांत, पाणी चाळीस फुटांवर गेलेलं असतं आणि रस्त्यावर उभा असलेला बंब ते घेऊच शकत नाही. छोटा पंप विहिरीत उतरवावा लागतो किंवा विहिरीवरच्या मोटारीनेच पाणी वर काढून बंबाच्या टाकीत सोडावं लागतं. तुमच्या विहिरीवर मोटार असेल, शेतातला ट्रॅक्टरचा टँकर भरलेला असेल, तर ते धावत जाऊन सांगा. जांबोटीच्या पलीकडच्या वाड्यांत, जिथे बंब पोचायला बराच वेळ लागतो, तिथे पहिलं पाणी हेच असतं.

कौलारू घराची वेगळी गोष्ट

आपल्या जुन्या गल्ल्यांतली घरं एकमेकांना लागून असतात, कित्येकदा मधली भिंत एकच आणि आढंही जवळजवळ सलग. भिंत आढ्यापर्यंत पोचलेली नसेल तर वरच्या पोकळीतून आग वाशावाशाने शेजारच्या घरात जाते, खाली कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून जवान कधी कधी जळत्या घराऐवजी त्याच्या पलीकडच्या चांगल्या घरावर चढतात आणि कौलं उतरवून रिपा तोडतात. त्या घरच्यांना हे अत्याचारासारखं वाटतं, साहजिक आहे. पण ते तिथे आगीच्या वाटेत रिकामी जागा तयार करत असतात. रानात वणवा अडवायला पट्टा काढतात तसं.

कौलांचा एक फायदाही आहे. आगीच्या बरोबर वरची काही कौलं काढली तर धूर आणि धग सरळ वर निघून जाते आणि खाली माणसाला शिरायला जागा मिळते. आधी म्हटलं हवा देऊ नका, आणि आता छप्पर उघडतात, हे परस्परविरोधी वाटेल. फरक वेळेचा आहे. हातात भरलेला होज घेऊन माणूस तयार असेल त्याच क्षणी उघडायचं, आधी नाही. पत्र्याच्या छपरात ही सोय नसते, धग आतच कोंडते.

सागवानी तुळई पेटली तरी एकदम मोडत नाही. तिच्या अंगावर कोळशाचा थर जमतो आणि तोच आतल्या लाकडाला सांभाळतो. ती मिनिटाला मिलिमीटरपेक्षाही कमी आत जळते. उघडं लोखंड जळत नाही, पण ५५०-६०० अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते आणि ते वाकतं. खानापूरकडच्या मातीच्या भिंतींची भीती निराळीच: त्या आगीने सहसा पडत नाहीत, पाण्याने पडतात. मिनिटाला ४०० लिटर म्हणजे मिनिटाला ४०० किलो वजन माळ्यावर चढतं. तिथे भाताची पोती किंवा पिंजर असेल तर ती पाणी पिऊन आणखी जड होते. म्हणूनच आग विझल्यावर लगेच आत जाऊन कागदपत्रं शोधणाऱ्यांना जवान दटावतात.

गॅसच्या सिलिंडरबद्दल थोडं. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, नाल्यात-तळघरात साचतो. गळतीच्या जागी ज्योत पेटलेली असेल आणि व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर जवान ती ज्योत मुद्दाम विझवत नाहीत. विझवली तर न जळलेला गॅस घरभर पसरेल आणि कुठल्यातरी ठिणगीवर एकदम पेटेल. ते लांबून पाण्याने सिलिंडर थंड ठेवतात. नुसता वास येत असेल तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद, काहीही करायचं नाही. सगळ्यांना बाहेर काढा आणि मग १९०६ लावा.

भाजलेल्या माणसाला वाहतं साधं पाणी वीस मिनिटं. तूप, शाई, टूथपेस्ट नको. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका.

विझल्यानंतर

ज्वाला गेल्या की गर्दी पांगते. जवानांचं काम मात्र अजून तासभर तरी चालतं. ते राखेचे ढीग उपसतात, गाद्या फाडून बाहेर ओढतात, तक्तपोशीच्या फळ्या उचकटतात, भिंतीत घुसलेल्या तुळयांची टोकं खणतात. 'आगीने ठेवलं ते यांनी मोडलं' असं वाटतं. पण कापूस, लाकूड, गवत आतून तासन् तास धुमसतं. बाहेरून ओलं, आत निखारा. गवतगंजीची आग तर दोन-दोन दिवस पुन्हा पुन्हा पेटते. हे झाल्यावर पंचनामा, अग्निशामक दलाचा दाखला. भरपाईला आणि विम्याला तो लागतो, म्हणून सगळे फोटो काढून होईपर्यंत काही आवरू नका.

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशामक दलं आपल्या गेलेल्या सोबत्यांना मानवंदना देतात. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत कापूस आणि दारूगोळा भरलेल्या फोर्ट स्टिकीन या बोटीला आग लागली आणि ती विझवताना झालेल्या स्फोटांत ६६ जवान गेले. बेळगावच्या केंद्रासमोरून त्या आठवड्यात जाणं झालं तर मी आता थांबते.

आमच्या माडीचं छप्पर गेलं, सूत गेलं, गाद्या गेल्या. दाराची माडीकडची बाजू कोळसा झाली होती, जिन्याकडच्या बाजूचा निळा रंग फक्त फुगला होता. जिन्याखालचं कोठार, स्वयंपाकघर, देवघर जसंच्या तसं. निघताना त्या जवानांनी आजोबांना मोडक्या कन्नड-मराठीत सांगितलं होतं की रात्री कोणीतरी जागं राहा. आजोबा अंगणात खुर्ची टाकून बसले, शेजारी भरलेली घागर आणि तांब्या. पहाटे चारच्या सुमाराला भिंतीत रुतलेल्या एका वाशाच्या टोकातून बारीक धूर निघाला. त्यांनी कोणाला हाक न मारता शिडी लावली आणि घागर घेऊन वर चढले.